नव्वद सेंटिमीटरचा खुलासा

प्रिय दादा,

तुम्हाला सविनय नमस्कार, आणि वहिनींना त्याहून थोडा अधिक सविनय (मागच्या भेटीत माझ्या खिशातल्या कानशीनं त्यांच्या नव्या सोफ्याला जे भोक पडलं ते मी विसरलेलो नाही, त्या तर नाहीतच). तुमची पाठ कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की व्यायामांचा कागद नुसता फ्रिजवर चिकटवून ठेवलाय? आमच्याकडे सगळं क्षेम. तुमची बहीण बरी आहे, मी उत्तम आहे, आणि तुमचे बाबा वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी आम्हा दोघांपेक्षा ठणठणीत आहेत. हे शेवटचं वाक्य पक्कं लक्षात ठेवा. पुढे काहीही वाचलंत तरी बाबा ठणठणीत आहेत, हे धरूनच वाचा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मधे बोलता, म्हणून. काही गोष्टी सांगताना समोरच्यानं मधे बोललेलं परवडत नाही.

तर मुद्दा आमच्या रस्त्याचा. तुम्ही तीन वर्षांपूर्वी आलात तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग होती, आणि तुम्हाला दोन गल्ल्या सोडून गाडी लावावी लागली होती म्हणून तुम्ही तासभर कुरकुरत होतात. आता आमच्या बाजूची रांग गेली. पाच महिन्यांपूर्वी नगरपालिकेनं रातोरात नारिंगी शंकू मांडले, पांढरे पट्टे मारले, आणि जाहीर केलं की ही सायकलींची मार्गिका, तूर्त प्रयोग म्हणून. प्रयोग बरा वाटला तर काँक्रीटचा कठडा बांधून कायमची करणार. कायमची! माझी व्हॅन गेली बारा वर्षं माझ्याच दुकानासमोर उभी असते. सकाळी आठला लावायची, रात्री आठला काढायची. तिच्या सावलीत फुटपाथवर एक रोपटं उगवलंय, इतकी ती तिथली रहिवासी. आणि आता ती मागच्या गल्लीत, आणि मी हत्यारांची पेटी घेऊन सात मिनिटं चालत. माझं वजन तुम्हाला माहीत आहे. त्यातलं दोन किलो आता कमी झालंय, पण ते माझ्या परवानगीशिवाय.

साहजिकच मी दुकानदार मंडळाचा अध्यक्ष झालो. (मंडळ आधी नव्हतं. ते आधी स्थापन करावं लागलं. माझ्याखेरीज गादीवाला, चष्मेवाला, आणि केकवाल्या बाई, ज्या फक्त कागदावर आहेत कारण त्यांना भट्टी सोडून येता येत नाही.) पहिल्याच बैठकीत मी सांगितलं की नुसती आरडाओरड करून काही होत नाही, आकडे लागतात. गिऱ्हाईक गाडीनं येतं, गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही, हे आपण सिद्ध करू. आणि दोन आठवडे मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला विचारून, किल्ल्यांच्या खोक्याच्या पाठीमागे रेघा मारल्या. एकशे एकतीस माणसं आली. त्यातली गाडीनं आलेली सतरा.

गादीवाल्याचं तोंड उतरलं. मी मात्र डगमगलो नाही. मी त्याला समजावलं की हे किल्ल्या-कुलपांचं दुकान आहे. ज्यांची गाडीची किल्ली हरवते ते माझ्याकडे गाडीनं कसे येणार? ते चालतच येणार! म्हणजे चालत आलेले बरेचसे लोक हे मनानं गाडीवालेच होत. या हिशेबानं मी सतराचे एकोणसत्तर केले. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि खोक्याकडे पुन्हा पाहिलं, पण काही बोलला नाही. हुशार माणसाच्या पुढे लोक असेच गप्प होतात.

पण घरात एक वेगळीच भानगड होती, आणि तिथूनच पुढचं सगळं घडलं. शंकू मांडल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी जिन्याखालची सायकल बाहेर काढली.

तुम्हाला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी बाबा सायकलवरून पडले, गळपट्टीचं हाड मोडलं. त्यानंतर सायकल बंद. हाड जुळलं, पण ते घराबाहेर पडेनात. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे ते बुद्धिबळवाले मित्र आहेत, निवृत्त औषधवाले, त्यांच्याकडेही जाईनात. दिवसभर खिडकीत. आयुष्यभर जमीनमोजणीची नोकरी केलेला माणूस, त्यानं दीड वर्षात आमच्या घराची प्रत्येक खोली तीनदा मोजली. (बैठकीची खोली नकाशात दाखवलीय त्यापेक्षा चार बोटं अरुंद आहे. बिल्डरला पत्र लिहून झालंय.) तुमची बहीण मला रोज म्हणायची, बाबांना काहीतरी करायला लावा हो, असे ते मला बघवत नाहीत. आणि मी दर वेळी दुसराच विषय काढायचो.

आणि आता बाबा रोज सकाळी टोपी घालून, पँटच्या पायाला क्लिप लावून, त्या शंकूंच्या आतून डौलात चाललेले. संध्याकाळी जेवताना बुद्धिबळाच्या गप्पा. मी मार्गिकेच्या विरोधाची पत्रकं छापून आणतो आणि बाबा ती उलट बाजूनं कोरी म्हणून मोजमापं लिहायला घेतात. तुमची बहीण एकाच टेबलावर दोघांना वाढते आणि दोघांकडेही बघत नाही. असं आमचं घर चाललं होतं, पण माझा निश्चय ढळला नाही. घर वेगळं, मंडळ वेगळं.

गेल्या बुधवारी दुपारी चारला नगरपालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी होती. मी एक सहा फुटी फलक करून घेतला होता, त्यावर एकोणसत्तरचा आकडा लाल रंगात. फलक हातात नेण्यासारखा नव्हता, म्हणून व्हॅन काढली. साडेतीनला सभागृहापाशी पोचलो आणि जागा शोधायला लागलो. एक फेरी मारली. दुसरी मारली. चौथ्या फेरीला पहारेकरी मला ओळखू लागला आणि हात हलवू लागला. शेवटी पार पाण्याच्या टाकीमागे जागा मिळाली, आणि चारला दहा मिनिटं कमी असताना मी भर उन्हात, डोक्यावर सहा फुटी फलक घेऊन धावत सुटलो.

मागून घंटी वाजली.

“बसा जावईबापू,” बाबा म्हणाले. “उशीर होतोय.”

मी म्हटलं, बाबा, मी सायकल मार्गिकेच्या विरोधात बोलायला चाललोय. ते म्हणाले, “माहीत आहे. मी बाजूनं बोलायला चाललोय. पण दोघांनाही चारलाच पोचायचंय.”

आता तुम्हीच सांगा, थोरल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा? मी कॅरिअरवर बसलो. (बाबांचा श्वास जरा मोठा झाला, पण तक्रार नाही. टायरनं मात्र केली.) फलक मी आडवा धरला होता, त्यात वारा भरला आणि सायकल जी निघाली ती आम्ही पेडल मारण्याआधीच वळणावर. “सरळ धरा, शीड झालंय त्याचं!” बाबा ओरडले. मी उभा धरला, तर मला पुढचं दिसेना. सभागृहाच्या दारात माझं अख्खं मंडळ उभं होतं. मंडळाचा अध्यक्ष म्हाताऱ्या सासऱ्याच्या कॅरिअरवर बसून, मार्गिकेतून, मार्गिकेविरुद्धचा फलक मिरवत आलेला त्यांनी पाहिला. गादीवाल्यानं विचारलं, हा काय प्रकार? मी उतरताना म्हटलं, पाहणी करत होतो. आणि आत गेलो. अशा वेळी थांबायचं नसतं.

माझं भाषण उत्कृष्ट झालं. वेळ तीन मिनिटांची होती, मी सात घेतली. सूत्रसंचालन करणाऱ्या इंजिनिअर बाई, वयानं माझ्या पुतणीएवढ्या, दर मिनिटाला टेबलावरची घंटी वाजवत होत्या, पण मी दिवसभर किल्ल्या घासणारा माणूस, मला त्या आवाजाचं काय. एकोणसत्तरच्या आकड्याला टाळ्याही मिळाल्या (तीन). तुमची बहीण तिसऱ्या रांगेत शेजारणींबरोबर बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ती माझ्याकडे बघत होती, हे मी जमेत धरलं.

मग बाबांचं नाव पुकारलं.

ते व्यासपीठावर गेले, चष्मा लावला, खिशातून वही काढली. माझ्या पत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही ती. त्यांनी सांगितलं, हा रस्ता चारशे बारा मीटर लांब आणि अकरा मीटर वीस सेंटिमीटर रुंद आहे. मी स्वतः मोजला आहे. रस्त्याकडेला उभी असलेली गाडी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर जागा घेते. हे सगळ्या नकाशांत असतं. पण तिचं दार उघडलं की तीच गाडी दोन मीटर सत्तर घेते. मधले नव्वद सेंटिमीटर कुठल्याच नकाशात नसतात.

मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी एकदा दार उघडलं, तेव्हा मी त्या नव्वद सेंटिमीटरमध्ये होतो.”

मी तुमच्या बहिणीकडे पाहिलं. तिचा हात पदरावर तसाच राहिला होता. कारण तिला काय, तुम्हाला काय, सगळ्यांना आजवर हेच माहीत होतं की बाबा वाळूवरून घसरले.

चष्मेवाला मागून म्हणाला (आमच्याच बाजूचा माणूस, पण प्रश्न विचारायची खोड), “कुणाची गाडी होती ती?”

“उभी होती,” बाबा म्हणाले. “मी नाव विचारलं नाही.” आणि चष्मा घडी करून खिशात ठेवला.

दादा, आता तुम्ही फोनवर असता तर मधे बोलला असतात, म्हणून हे पत्र.

ते दार माझं होतं. मी व्हॅनमध्ये बसून फोनवर कुणाशीतरी तिजोरीच्या कुलपाबद्दल वाद घालत होतो, आणि आरशात न बघता दार ढकललं. धप्प आवाज आला. बाहेर आलो तर बाबा रस्त्यावर, सायकलचं पुढचं चाक अजून फिरतंय. मी खाली बसलो. त्यांनी माझा हात धरला आणि पहिलं वाक्य काय बोलले? “तिला सांगायचं, घसरलो.” मी दवाखान्यात तेच सांगितलं. तुम्हाला फोन केला तेव्हाही तेच सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, तुम्ही तिथे आहात म्हणून मी निर्धास्त आहे. ते वाक्य मी दोन वर्षं बाळगतोय. एखाद्याची वस्तू चुकून आपल्या घरी आलेली असावी आणि परत कशी करावी हे कळू नये, तसं.

आणि त्या बुधवारी, सभागृहात, बाबा पायऱ्या उतरायला लागले तेव्हा मी उभा राहिलो. खुर्ची मोठ्यानं सरकली, म्हणून सगळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, “गाडी माझी होती. दार मी उघडलं होतं.” आणखीही काही बोलायचं ठरवत होतो, पण शब्द आले नाहीत. माझ्याबाबतीत हे पहिल्यांदाच घडलं, याची नोंद घ्या.

मग टेबलाशी बसलेले कारकून, त्यांच्या कामात चोख, मान वर करून म्हणाले, “साहेब, हे बाजूनं लिहू की विरोधात?” मी म्हटलं, बाजूनं. माझं आधीचं खोडा. ते म्हणाले, खोडता येत नाही, नवी नोंद करावी लागते. त्यामुळे नगरपालिकेच्या दप्तरात दुकानदार मंडळाचे अध्यक्ष एकदा विरोधात आणि वीस मिनिटांनी बाजूनं, असे दोनदा आहेत. दोन्ही वेळा सही माझीच.

निकाल शुक्रवारी लागला. मार्गिका कायमची होणार. कठडा पुढच्या महिन्यात. प्रत्येक चौकापाशी माल उतरवायला वीस मिनिटांच्या दोन जागा मिळाल्या आहेत, आणि ती सूचना माझ्या भाषणाच्या सहाव्या मिनिटाला होती, हे इथे कुणीच मान्य करत नाही. अध्यक्षपदाचा मी मंडळाच्या ऐक्यासाठी राजीनामा दिला. (मी लिहायला बसण्याआधीच तो मंजूर झाला होता.) आता गादीवाला अध्यक्ष आहे. त्यानं परवाच माझ्याकडून दुकानाचं नवं कुलूप नेलं, तेव्हा फार राग नसावा.

सुनावणीनंतर बाबा आणि ही चालत घरी गेले, बाबांनी सायकल हातात धरून. मी एकटाच पाण्याच्या टाकीपर्यंत व्हॅन आणायला गेलो. ते अंतर मला जाताना जितकं वाटलं होतं त्याच्या दुप्पट वाटलं. घरी आलो तर बाबा जिन्याखाली साखळीला तेल घालत होते. मी तिथेच पायरीवर बसलो आणि विचारलं, बाबा, दोन वर्षं तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. का?

ते म्हणाले, “तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. मला घाई नव्हती. माझं हाड जुळायला सहा आठवडे लागले. तुम्हाला जरा जास्त लागले, एवढंच.”

मग त्यांनी मला चिंधी दिली आणि मागचं चाक पुसायला लावलं. मी ते असं पुसलं की नवं असतानाही इतकं चमकलं नसेल.

दादा, तुमची माफी मागतो. तुम्ही निर्धास्त होतात ते ज्याच्या भरवशावर, त्यानंच तुमच्या वडिलांना पाडलं आणि वर तुम्हाला वाळूची गोष्ट सांगितली. मी पुष्कळ बोलतो, पण हे एवढंच बोलायचं राहिलं होतं. रागावलात तर रागवा, मात्र पत्रानंच. फोनवर मी मधे बोलेन.

वहिनींना नमस्कार. पाठीचे व्यायाम करा.

तुमचा,
मेहुणा (माजी अध्यक्ष)

ता. क. : लिहायचं राहिलं. तुमची बहीण शनिवारी सकाळच्या बसनं तुमच्याकडे येतेय, आठ दिवसांसाठी. “जरा बदल,” म्हणते. बुधवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. काल फक्त एवढं म्हणाली, की बाबा खोटं बोलले ते माझ्यासाठी, तुम्ही गप्प बसलात ते कुणासाठी? मी दुकान उघडायची वेळ झाली असं सांगून निघालो. रविवार होता. तेव्हा कृपा करून तिचं ऐकण्याआधी हे पत्र वाचा, आणि माझ्या बाजूनं एक शब्द टाका. जमल्यास परतीच्या बसचं वेळापत्रक टेबलावर सहज दिसेल असं ठेवा. मी चहा करू शकतो, पण आठ दिवस नुसत्या चहावर माणूस जगत नाही.

ता. क. दुसरा : बाबांनी पत्र वाचलं (मी जेवायला गेलो होतो, कागद उघडे होते). त्यांचं म्हणणं, पाण्याच्या टाकीपासून सभागृह सहाशे चाळीस मीटर आहे, तेव्हा “पार” हा शब्द चूक आहे. आणि कॅरिअरवरच्या माणसाचं वजन त्यांनी नमूद करायला सांगितलंय, पण त्याला मी नकार दिला. आता पाकीट चिकटवून त्यांच्याकडेच देतोय. सायकलनं जाऊन टपालपेटीत टाकतो म्हणाले.

ता. क. तिसरा : दादा, हे मी लिहितेय. बाबांनी पाकीट टपालपेटीऐवजी मला दिलं. चिकटवलेलं होतं, पण कुलूपवाल्याच्या बायकोला पाकीट उघडता येतं. ह्यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, एकोणसत्तर सोडून. एक गोष्ट ह्यांनी लिहिली नाही: बाबांना ते सहा आठवडे आंघोळ ह्यांनीच घातली, रोज, दुकान उशिरा उघडून. मला तेव्हा वाटायचं, जावई असून किती करतात. आता कारण कळलं. तरीपण करत होते.

मी रुसून येत नाहीये. तुझ्या माळ्यावर माझी कॉलेजातली सायकल आहे, ती न्यायला येतेय. काढून पूस आणि हवा भरून ठेव. ती बसच्या टपावर टाकून मी सोमवारी परत निघेन. हे मात्र ह्यांना कळवू नकोस. आठ दिवस सांगितलेत, आठच राहू देत.